बेड्यावरची पोरं आणि रविवारचे दादा-ताई

तितराचा फासा दिसायला काहीच नसतो. वीतभर बांबूच्या काड्या एकमेकींना दोरीनं बांधलेल्या असतात आणि दर दोन काड्यांमध्ये सरकगाठीचा एक गोल असतो. पूर्वी ही गाठ तातीची नाहीतर घोड्याच्या केसाची असायची, आता नायलॉनची असते. काड्या गवतात रोवत गेलं की एक आडवी ओळ उभी राहते आणि दोन हातांवरून पाहिलं तरी नजरेत येत नाही. बाकीचं काम तितरच करतो. धोका वाटला तर तो लगेच उडत नाही, आधी पळतो, आणि पळताना गवतातली नेहमीचीच वाट धरतो. ती वाट हुडकणं हा खरा हुन्नर. विष्ठा कुठे पडली आहे, धुळीत लोळल्याच्या खुणा कुठे आहेत, सकाळच्या दवात गवत कुठल्या अंगाला मोडलं आहे, हे पाहून ती ठरते. मग लांबून एक माणूस सावकाश चालत येतो, पुष्कळदा गाईच्या आडून. चरत येणाऱ्या गाईला पाखरू बिचकत नाही.

फासेपारध्यांच्या या विद्येची नोंद रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ साली निघालेल्या, मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात आहे. ही गोष्ट ज्या वर्ध्याची आहे, तो तेव्हा मध्य प्रांतातच होता. पुढे प्रांत बदलला, राज्य बदललं, माळरानं नांगराखाली गेली, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ही सगळी विद्या गुन्ह्याच्या यादीत जाऊन बसली. तरी एखाद्या बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, अजून अकरा-बारा वर्षांचं एखादं पोरगं असं भेटतं, ज्याला आजोबांच्या मागं हिंडून यातलं निम्मंअर्धं ठाऊक असतं. शाळेच्या पटावर त्याचं नाव असतं. हजेरीत मात्र नसतं.

‘मुलं निसर्गापासून तुटली’ ही ओरड आपल्याकडे गेली वीसेक वर्षं चालू आहे. रिचर्ड लुव्ह या अमेरिकन पत्रकारानं २००५ साली यावर पुस्तक लिहिलं आणि निसर्गाच्या अभावानं मुलांचं काय होतं, यावर जगभर चर्चा सुरू झाली. ती खरीच आहे. नागपूर-पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाला कडुलिंब आणि बकाण यांतला फरक सांगता येत नाही, आणि त्यासाठी त्याचे आईवडील उन्हाळी शिबिराला पैसे मोजतात. पण वर्धा जिल्ह्यात ज्या मुलांना पोलीस, समाजकल्याण खातं आणि शाळा या तिघांच्याही भाषेत ‘जोखमीतली मुलं’ म्हणता येईल, त्यांची गोष्ट उलटी आहे. ती निसर्गापासून तुटली नाहीत. निसर्गाशी असलेली त्यांची ओळखच त्यांच्या अंगाला चिकटलेला आरोप आहे.

हा आरोप जुना आहे. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण ठाण्यातली नजर रद्द झाली नाही. त्यात वर्धा जिल्ह्याची स्वतःची एक भर आहे. गांधींचा जिल्हा म्हणून सत्तरच्या दशकापासून इथे दारूबंदी आहे. बंदी आली तसा गावठी मोहाच्या दारूला भाव आला. शिकार गेली, जमीन कधी नव्हतीच, तेव्हा काही बेड्यांवर भट्ट्या लागल्या. स्थानिक पेपर चाळले तर ‘पारधी बेड्यावर वॉशआउट, मोहसडवा नष्ट’ ही बातमी ठरावीक अंतरानं येत राहते. तिच्याखालच्या फोटोत ड्रम ओतणारे पोलीस असतात. फोटोच्या चौकटीबाहेर कोण असतं, ते बेड्यावर गेल्याशिवाय कळत नाही. शेण-मातीच्या भिंतीआड उभी राहून हे सगळं पाहणारी पोरं असतात.

वर्ध्यातल्या एका पक्षिमित्रानं सांगितलेली बारीकशी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा गृहस्थ बँकेत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना तलावावर नेतो. सुरुवातीला तो बेड्यावर जायचा तो पक्षिनिरीक्षकांच्या ठरलेल्या वेशात: खाकी पँट, हिरवट जाकीट, टोपी, गळ्यात दुर्बीण. वेळही पक्ष्यांची, म्हणजे उजाडण्याच्या जरा आधीची. त्याची मोटारसायकल थांबली की बेडा चिडीचूप व्हायचा आणि पोरं मागच्या तुरीत पसार व्हायची. धाडीची वेळ तीच आणि रंगही तोच, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. आता तो पांढरा शर्ट घालून जातो. पक्षिनिरीक्षणाच्या कुठल्याही पुस्तकात पांढरा शर्ट घालू नये असंच लिहिलेलं असतं. ‘पाखरं थोडी लांब बसतात,’ तो म्हणाला, ‘पण पोरं जवळ येतात.’

मोठ्या माणसानं, नातेवाईक किंवा मास्तर नसताना, एखाद्या अडचणीतल्या मुलासोबत ठरवून वेळ घालवायचा, तोही उघड्यावर, ही कल्पना जगात नवी नाही. कर्ट हान या जर्मनीतून परागंदा झालेल्या शिक्षणतज्ज्ञाच्या विचारातून १९४१ साली वेल्समध्ये ‘आउटवर्ड बाउंड’ उभं राहिलं. समुद्र आणि डोंगर हेच तिथले मास्तर. अमेरिकेत शहरी वस्त्यांतल्या मुलांना स्वयंसेवक आठवडाभर डोंगरात घेऊन जातात अशा संस्था आहेत. आपल्याकडे १९९९ साली मॅथ्यू स्पेसी यांनी मुंबईत रस्त्यावरच्या मुलांना रग्बी शिकवता शिकवता ‘मॅजिक बस’ सुरू केली आणि मुलांना कर्जतच्या बाजूला शिबिरांना न्यायला लागले. आमच्या शेजारी नागपुरात विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला. ‘झुंड’ चित्रपटामुळे ते नाव घरोघरी पोचलं.

यात कळीची गोष्ट कुठली? डोंगर, चेंडू की माणूस? यावर अमेरिकेत झालेलं एक संशोधन प्रत्येक उत्साही स्वयंसेवकानं वाचायला हवं. ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही तिथली मोठी संस्था एकेका मुलाला एकेक मोठा सोबती जोडून देते. १९९५ साली तिच्या ९५९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सोबती मिळालेल्या मुलांचं व्यसनाकडे वळण्याचं आणि शाळा बुडवण्याचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं. सगळे खूश झाले. पण पुढे ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या दोघींनी तीच आकडेवारी पुन्हा उकलली आणि २००२ साली त्यातली दुसरी बाजू मांडली. ज्यांची सोबत वर्षभर किंवा जास्त टिकली, त्या मुलांना सगळ्यांत जास्त फायदा झाला होता. आणि ज्यांचा सोबती तीन महिन्यांच्या आत गायब झाला, त्यांची स्वतःबद्दलची किंमत उलट घसरली होती. म्हणजे अर्धवट केलेलं हे काम न केलेल्यापेक्षा वाईट.

आमच्याकडे हे अर्धवट प्रकरण फार चालतं. दोन ऑक्टोबर, बालदिन, वन्यजीव सप्ताह. टेम्पो येतो, केळी आणि बिस्किटं वाटली जातात, बॅनर धरून फोटो निघतो, एखादं रोपटं लावलं जातं, आणि ते ताई-दादा पुन्हा कधी दिसत नाहीत. ज्या मुलाच्या घरून बाप अधूनमधून कोठडीत जातो, आई स्टेशनवर मागायला जाते, त्याला माणसं येतात आणि जातात हे आपण वेगळं शिकवायची गरज नाही.

सोबतीला लागणारी माणसं आणि परंपरा यांचा वर्ध्यात तुटवडा नाही. मुलाला उघड्यावर, हाताला काम देऊन शिकवावं, हा विचार राष्ट्रीय धोरण म्हणून मांडला गेला तोच मुळी या गावात. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीमचा आराखडा तयार झाला. सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी या दाम्पत्यानं तो राबवला. मधल्या काळात शाळा बंद पडली. २००५ साली नई तालीम समितीनं ‘आनंद निकेतन’ या नावानं ती पुन्हा उघडली. सुषमा शर्मा यांनी ती वाढवली. इथली मुलं शेतात वाफे करतात, किती बी पडलं नि किती उगवलं याचा हिशेब मांडतात आणि त्यातूनच शेकडेवारीला पोचतात. आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्या-मजुरांची ही मुलं. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं त्यांत वर्धा होता, ही गोष्ट त्या वाफ्यांपाशी उभं असताना विसरता येत नाही. मातीत बाप हरला असेल त्या घरच्या पोराला पुन्हा मातीतच आत्मविश्वास द्यायचा, हे काम धाडसाचं आहे.

तिकडे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेल्या मेडिकल कॉलेजात, पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एक गाव दत्तक घेतात आणि तिथे शिबिरात राहून वाट्याला आलेल्या कुटुंबांशी नातं जोडतात. ते नातं शिबिर संपल्यावरही पुढे चालू ठेवणं अपेक्षित असतं. पिपरी मेघेला ‘करुणाश्रम’ आहे. जखमी माकडं, मोर, साप, रस्त्यावरची जनावरं तिथे तरुण मुलं सांभाळतात. हनुमान टेकडीवर आणि आयटीआय टेकडीवर ज्यांनी उघड्या खडकात झाडं जगवली, ते नागरिक पाण्याच्या कॅन घेऊन उन्हाळ्यात चढताना दिसतात. ‘बहार नेचर फाउंडेशन’चे पक्षिमित्र तर शहराला पक्ष्यांची निवडणूक घ्यायला लावून मोकळे झाले. २०१८ साली वर्ध्यानं मतदान करून आपला शहरपक्षी निवडला. प्रचार झाला, शाळकरी मुलांनी मतं टाकली आणि नीलपंख निवडून आला. आपल्या बाकीच्या निवडणुकांपेक्षा या निवडणुकीत उमेदवारांची माहिती मतदारांना जास्त होती, असं मी तरी म्हणेन.

प्रश्न आहे तो ही सगळी मंडळी आणि बेडा यांच्यामधल्या चार-पाच किलोमीटरचा. ते अंतर कापणारी मोजकी माणसं आहेत. मंगेशी मून यांनी वर्ध्याजवळ रोठ्याला ‘उमेद’च्या ‘संकल्प’ प्रकल्पात पारधी मुलांसाठी राहायची आणि शिकायची जागा उभी केली. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी आश्रमशाळा काढली. ते स्वतः फासेपारधी, जिल्हा परिषदेची शिक्षकाची नोकरी सोडून आलेले. स्टेशन आणि सिग्नलवर मागणारी पोरं त्यांनी गोळा केली आणि शाळेचं नाव ठेवलं ‘प्रश्नचिन्ह’. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या आखणीत त्या शाळेची ग्रंथालयाची खोली आणि विहीर गेली. नाव किती चपखल ठेवलं होतं, हे तेव्हा सरकारनंच सिद्ध करून दाखवलं.

हिवाळ्यातल्या एका रविवारची सकाळ आहे. वर्ध्याच्या बाहेरचा एक छोटा तलाव, काठाला बेशरमाची झुडपं, पलीकडे हरभरा. पाण्यावर थापट्या आणि तलवार बदकं उतरली आहेत, चिखलात टिटव्या आणि धोबी. पारधी मुलांच्या एका वसतिगृहातली डझनभर मुलं, दोन दादा, एक ताई. दुर्बिणी तीन. दुर्बिणीसाठी रांग आहे आणि रांगेत अर्थातच ढकलाढकली आहे. दादा चिखलाकडे बोट करून शराटी दाखवतो आहे, चोच कशी वाकडी असते ते सांगतो आहे. एक पोरगा रांगेत नाही. तो तलावाकडे पाठ करून पडीक शेतातल्या गवताकडे तोंड करून उकिडवा बसला आहे.

‘काय रे, बदकं नाही पाहायची?’

‘थे त दिसूनच राह्यले,’ तो म्हणाला. ‘इकडं हाये ना.’

इकडं काय आहे ते मला दिसेना. दादालाही दिसेना. पोरानं दोन्ही तळवे तोंडाशी धरले, जरा थांबला आणि राखी तितराची ती तीन ठोक्यांची हाक काढली, चढत जाणारी. क्षणभर काही नाही. मग गवतातून, आमच्यापासून पन्नास पावलांवरून, तीच हाक परत आली. दुर्बिणीची रांग मोडली. सगळी पोरं इकडे धावली आणि दादानं तोंडावर बोट ठेवलं. पोरानं पुन्हा हाक दिली, पुन्हा उत्तर आलं, या वेळी जवळून. मग त्यानं अचानक हात खाली घेतले आणि दादाकडे पाहून विचारलं, ‘याच्यावर केस होते का?’

हाक मारण्यावर केस होत नाही, असं दादानं सांगितलं. पण पोरानं ते विचारलं. अकरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी पाखराची हाक आणि केस हे दोन शब्द एकाच श्वासात यावेत, यात त्या जमातीचं सगळं दीडशे वर्षांचं प्रकरण येतं. त्या दादानं पुढे जे केलं ते मला कुठल्याही निसर्गशिबिराच्या पुस्तिकेत वाचायला मिळालेलं नाही. त्यानं त्या पोराला म्हटलं, ‘मला शिकव.’ आणि चाळिशीतला तो बँकवाला, पांढऱ्या शर्टातला, तळवे तोंडाशी धरून तितराऐवजी कुठल्यातरी बिघडलेल्या पंपासारखा आवाज काढत राहिला. पोरं लोळून हसली. तो पोरगा मात्र हसला नाही. तो दादाची बोटं धरून नीट लावून देत होता. त्याच्या आयुष्यात एखाद्या शहरी मोठ्या माणसानं त्याच्याकडून काही शिकण्याची ती बहुधा पहिली वेळ असावी.

मला या सबंध विषयात सांगायचं असेल तर एवढंच आहे: वर्ध्यातल्या या मुलांना निसर्ग दाखवायला जाणाऱ्यानं आधी शिष्य व्हायची तयारी ठेवावी आणि मग वर्षानुवर्षं यावं. पहिली अट अहंकाराला जड जाते, दुसरी सुट्ट्यांना.

शिष्य होण्याचा मुद्दा भाबडेपणाचा नाही. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना एक फार सुरेख वाटणी आढळली. एकाच मुलखात फिरणाऱ्या तीन जमाती एकमेकींच्या ताटात हात घालत नव्हत्या. फासेपारधी फाशांनी हरणं आणि पाखरं धरत, वैदू मुंगूस-उदमांजरासारखी छोटी जनावरं आणि पाण्यातली कासवं-खेकडे, तर नंदीवाले कुत्र्यांच्या जोरावर डुक्कर, साळिंदर, घोरपड. आणि फाशात गाभण हरणी किंवा पाडस आलं तर ते सोडून द्यायची पारध्यांची रीत होती. संवर्धन हा शब्द आपण शिकलो त्याच्या कितीतरी आधीची ही शिस्त. ती मोडली कशी, याचं उत्तर माळरानं संपण्यात आहे. हरणंच उरली नाहीत तेव्हा ‘पुढच्या वर्षासाठी सोडू’ याला काही अर्थ राहिला नाही.

ही विद्या उलट्या बाजूनं वापरता येते, याचा पुरावा आपल्या देशात आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्षी-वलयांकनाची, म्हणजे पायात कडं घालून पाखरांची वाट शोधण्याची, कितीतरी कामं बिहारच्या मीरशिकार जमातीच्या अली हुसेन यांच्या हातांनी झाली. पाखराचं पीसही न मोडता ते धरण्यात त्यांचा हात कोणी धरला नाही. मध्य प्रदेशात पन्नाला २००९ मध्ये एकही वाघ उरला नव्हता. शिकारीची वाट सुटावी म्हणून तिथल्या पारधी मुलांसाठी वसतिगृहं निघाली, आणि पुढे पारधी तरुण पर्यटकांना जंगलातून पायी हिंडवू लागले. आणि दूर कशाला जायचं, आपल्याच विदर्भात वाशिम-अकोल्याच्या माळांवर कारंजा लाडच्या ‘संवेदना’नं, कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांच्या पारधी सहकाऱ्यांनी, तणमोर वाचवण्याचं काम फासेपारध्यांच्याच हाती दिलं. तणमोर हा गवतात लपणारा, पावसाळ्यात उड्या मारून मादीला बोलावणारा, आज देशात अत्यंत दुर्मीळ झालेला पक्षी. तो कुठल्या माळावर आहे हे तज्ज्ञांना कळण्याआधी पारध्यांना ठाऊक होतं. अकोला जिल्ह्यातल्या वडाळ्याला तर पारधी कुटुंबांनी गवताचा माळच राखला.

वर्ध्यात असं मोठं काम अजून उभं नाही. बोरचं जंगल आहे. २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेलं, तेव्हा देशातलं सगळ्यांत लहान, पण वाघांच्या दृष्टीनं नशीबवान. धरणाच्या पाण्याकाठी सागवान, बांबू, अस्वलं. नागपूरहून जिप्सीनं लोक तिथे येतात. त्याच तालुक्यातल्या बेड्यावरचं मूल मात्र त्या फाटकातून तिकीट काढून गेलेलं मला भेटलेलं नाही. वनखात्याची भीती मी समजू शकतो. विदर्भात वाघांच्या शिकारीत बाहेरच्या टोळ्या पकडल्या गेल्या, त्यांत बहेलिया-पारधी नावं होती. पण मध्य प्रदेशातल्या टोळीचा हिशेब सेलू-आर्वीच्या पोराच्या नावावर किती दिवस लिहायचा?

रविवारच्या दादा-ताईंशी बोलताना निसर्गापेक्षा भलत्याच गोष्टींवर जास्त बोलणं होतं. चपला, उदाहरणार्थ. बाभळीच्या काट्यांत अनवाणी पोरं घेऊन जायची म्हणजे आधी बूट हवेत, आणि बूट दिले तर ते धाकट्या भावाच्या पायात किंवा बाजारात जातात. म्हणून बूट एका पेटीत राहतात, मापानं मांडून, आणि सकाळी वाटले जातात. मग खाणं. रिकाम्या पोटी सहाला निघालेलं मूल आठ वाजता कशातच रमत नाही, तेव्हा पोहे आधी, पक्षी नंतर. मार्चनंतर बंद, कारण इथे मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो. पावसाळ्यात साप. दिवाळीच्या आसपास दुसरंच. सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की निम्मी पोरं आईसोबत शेतात. किलोमागे मजुरी मिळते, हात जितके जास्त तितकं बरं. अशा वेळी ‘रविवारी का नाही आलास’ म्हणून रागावणारा दादा मूर्ख. शहाणा दादा वेचणीच्या शेतावर जातो, तासभर सोबत बोंडं वेचतो आणि कापसाच्या बोंडात गुलाबी अळी कुठे शिरते ते त्याच पोरांकडून शिकून येतो.

मुलींचा मामला आणखी अवघड. तेरा-चौदाची झाली की तिच्या अंगावर धाकटी भावंडं, पाणी, आणि लवकरच लग्नाची बोलणी. दादाबरोबर तिला कोणी पाठवणार नाही, आणि पाठवूही नये. ताई लागते, तीही दरवेळी तीच. गटातल्या ताई एका शाळेत शिक्षिका आहेत. त्यांनी एक नियम घातला आहे: कुठल्याही मुलाबरोबर एकटा मोठा माणूस नको, कायम दोन. नवा स्वयंसेवक आला की त्याची चौकशी, ओळखीच्या दोघांचा हवाला, आणि सुरुवातीचे काही महिने जुन्या माणसाच्या नजरेखाली. काही हौशी मंडळींना हे अपमानास्पद वाटतं. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे आणि तो उगाच झालेला नाही, हे ताई त्यांना शांतपणे सांगतात. ज्यांना तरीही राग येतो ते निघून जातात, आणि त्यांनी जावं हेच बरं. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत, हा दुसरा नियम. त्यानं स्वयंसेवकांची संख्या निम्म्यावर आली, असं त्या हसत म्हणाल्या.

मुलं बदलतात का? मोजून दाखवता येईल असं काही माझ्यापाशी नाही. लहानसहान दिसतं. पारध्यांची बोली गुजरातीच्या अंगाची, त्यामुळे मराठी शाळेत पोरगं तोंड उघडत नाही. रविवारी केल्या जाणाऱ्या पक्ष्यांच्या यादीत मात्र पारधी बोलीतलं, मराठीतलं आणि पुस्तकातलं अशी तीन नावं तिथे लिहिली जातात, आणि पहिला रकाना फक्त मुलांनाच भरता येतो. ज्या वहीत मास्तरची लाल शाई कधी पडली नव्हती, ती वही पोरं जपून ठेवतात. गलोल गेली का? नाही. काहींच्या खिशात ती असते, आणि दादा-ताई झडती घेत नाहीत. झडती घेणारे वेगळे आहेत, आपण ते नाही, एवढं मुलांना कळलं तरी पुष्कळ.

त्या वसतिगृहातला एक मोठा मुलगा आता दहावी झाला आहे. अनवाणी धावण्यात त्याला कोणी गाठत नाही आणि माग काढण्यात तर नाहीच. वनरक्षकाची भरती हे त्याच्या डोक्यात रविवारच्या दादानंच भरवलं. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला या पदासाठी दहावी चालते, आणि धावायचं अंतर मुलांना पाच किलोमीटर, मुलींना तीन. पाच किलोमीटर हे त्याच्या लेखी बेड्यावरून बाजारात जाऊन येणं. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या यादीत आहेत, तेव्हा हक्कही आहे. अडलं ते कागदावर. जमातीच्या दाखल्याची पडताळणी व्हायची तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो: आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, सातबारा, कोतवाल बुकातली जन्माची नोंद. ज्यांचा मुक्काम दर पंधरा दिवसांनी हलत होता त्यांचा जन्म कुठल्या कोतवालानं लिहून ठेवायचा? पणजोबांचं नाव सरकारदरबारी असण्याची शक्यता असलीच तर ती एका जागी आहे, पोलिसांच्या जुन्या हजेरीपटात.

बँकवाला दादा सध्या शनिवारी तहसीलच्या अभिलेख कक्षात बसतो, अर्ज करून जुनी रजिस्टरं काढायला लावतो, आणि मोडीतल्या नोंदी वाचता येणारा एक निवृत्त कारकून त्यानं शोधला आहे. रविवारी तलाव असतोच. त्याच्या बायकोनं त्याला विचारलं म्हणे, की पाखरांचा आणि या मोडीचा संबंध काय. मुलगा भरतीचा फॉर्म भरायला तयार आहे, धावण्याचा सराव रोज पहाटे करतो, आणि वयाची अट संपायला अजून काही वर्षं आहेत.